धोत्र्याचे ऋण

सोलापूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला हिरव्या रंगाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची झाडे सोडली, तर डोळ्यांना गारवा देईल असे फारसे काही उरत नाही. अशा दिवसांतही आमच्या शाळेच्या पटांगणामागील दगडी गडग्याला टेकून काही झुडपे निर्धास्तपणे उभी असत. रुई होती, तरवड होता, एरंड होता. आणि या सर्वांत आपल्या रुंद पानांनी व कर्ण्यासारख्या पांढऱ्या फुलांनी उठून दिसणारा धोत्रा होता. त्याला कोणी लावले नव्हते, की कोणी कधी पाणी घातले नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या शेळ्या कुंपणावरचा इतर पाला ओरबाडीत. धोत्र्याजवळ येताच मात्र मान वळवून पुढे जात. शेळ्यांना जे कळत होते, ते मराठीचा एम. ए. झालेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला कळण्यासाठी एक मूल मरणाच्या दारी जाऊन यावे लागले.

ही गोष्ट सुमारे तीस वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी मी पाचवीचा वर्गशिक्षक होतो. गणेशोत्सव नुकताच संपला होता. मधल्या सुटीनंतर वर्ग भरला, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा विचित्र वागू लागला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ कोरडे पडले होते आणि तो स्वतःशीच काही पुटपुटत होता. मी जवळ जाऊन त्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, पण ओळखले नाही. त्याची बोटे हवेत भराभर हलत होती. प्रथम मला त्याचा अर्थच कळेना. मग ध्यानात आले आणि अंगावर काटा उभा राहिला. त्याची आई विड्या वळून संसार चालवीत असे आणि शाळा सुटल्यावर हा मुलगा तिला विड्यांना दोरा बांधू लागत असे. भ्रमाच्या भरात ते पोर न दिसणाऱ्या विड्यांना न दिसणारा दोरा बांधीत होते!

रिक्षात घालून आम्ही त्याला इस्पितळात नेले. डॉक्टरांनी त्याची पापणी वर उचलली. डोळ्याची बाहुली इतकी विस्फारली होती, की भोवतालच्या तपकिरी कड्याची जेमतेम एक रेषा उरली होती. "धोत्रा," एवढा एकच शब्द डॉक्टर उच्चारले आणि पुढच्या तयारीस लागले. मागाहून त्याच्या सोबत्यांनी सांगितले, की कुंपणाजवळचे वाळलेले काटेरी बोंड फोडून त्याने पैजेवर मूठभर बिया खाल्ल्या होत्या. वांग्याच्या बियांसारख्या दिसणाऱ्या त्या चपट्या, पिवळसर बिया खेळता खेळता पोटात गेल्या होत्या.

त्याचे पोट धुऊन काढण्यात आले. रात्रभर त्याची आई पलंगाशी बसून होती. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने दोष दिला असता, तर मला ती रात्र इतकी जड गेली नसती. पहाटे मुलाला झोप लागली. मी शाळेत परतलो आणि शिपायाला व चार थोर मुलांना बरोबर घेऊन गडग्याजवळचा धोत्रा मुळासकट उपटून काढला. एकही रोप शिल्लक ठेवले नाही. शत्रूचा किल्ला सर केल्याचे समाधान मला त्या वेळी वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

आमचे विज्ञानाचे शिक्षक वयाने माझ्याहून पुष्कळ वडील होते. ते हा प्रकार शांतपणे पाहत उभे होते. ते म्हणाले, "अहो, झाड उपटलेत हे ठीक झाले. पण मुलांना त्या झाडाची ओळख कधी करून दिली होती का?"

मी निरुत्तर झालो. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्या मुलाने तर मला याहूनही कठीण प्रश्न विचारला. तो आता शुद्धीवर आला होता. श्रावणी सोमवारी आमच्या शाळेतली मुले त्याच कुंपणावरची फुले व बोंडे तोडून महादेवाच्या देवळात नेत असत, हे मलाही ठाऊक होते. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, देवाला चालतं, मग मला का नाही?"

"बरा हो, मग सांगेन," असे म्हणून मी वेळ मारून नेली. खरे पाहता, सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते.

त्या दिवसापासून मी त्या वडील शिक्षकांचा विद्यार्थी झालो. शाळा सुटल्यावर तास-दीड तास आम्ही प्रयोगशाळेच्या पायरीवर बसत असू. त्यांनी मला जे शिकविले, ते थोडक्यात असे.

प्रत्येक हिरवे झाड सूर्यप्रकाश, पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करते, हे आपण लहानपणीच शिकतो. याशिवाय जमिनीतून घेतलेल्या नायट्रोजनच्या साहाय्याने ते ॲमिनो अम्ले बनविते. ही अम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा होत. बहुतेक विटा झाडाच्या स्वतःच्या बांधकामात खर्च होतात. परंतु काही वनस्पती थोड्या विटा बाजूला काढून त्यांतून निराळीच वस्तू घडवितात. आपल्या सोलापुरी चादरीचेच उदाहरण घ्या. कोणी सूत रंगवितो, कोणी कांड्या भरतो, कोणी ताणा लावतो, तेव्हा कुठे मागावर चादर उतरते. त्याचप्रमाणे वनस्पतीच्या पेशींत विकरे नावाचे कारागीर असतात. एक विकर एक बदल घडवून पदार्थ पुढच्याच्या हाती देते, दुसरे दुसरा बदल घडविते आणि असे करीत शेवटी एक गुंतागुंतीचे द्रव्य सिद्ध होते. नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि अल्कलीसारखा गुण दाखविणाऱ्या अशा द्रव्यांना १८१९ साली माइसनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने 'अल्कलॉइड' हे नाव दिले.

धोत्र्याची पाने, फुले व बिया विषारी असतात. परंतु ते विष तेथे तयार होत नाही, हे ऐकून मला मोठे नवल वाटले. शास्त्रज्ञांनी एक गमतीचा प्रयोग केला. धोत्रा आणि टोमॅटो ही एकाच, म्हणजे वांग्याच्या कुळातील भावंडे. त्यांनी धोत्र्याच्या बुंध्यावर टोमॅटोच्या फांदीचे कलम केले, तेव्हा टोमॅटोच्या पानांत धोत्र्याचे विष उतरले. उलट टोमॅटोच्या बुंध्यावर धोत्र्याची फांदी बांधली, तेव्हा तिच्या नव्या पानांत विष जवळजवळ आढळलेच नाही. यावरून कारखाना मुळांत आहे, हे सिद्ध झाले. ऑर्निथिन नावाच्या ॲमिनो अम्लापासून मुळांमध्ये ही द्रव्ये घडतात आणि जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर चढतात.

तंबाखूही याच कुळातली. त्या मुलाच्या आईच्या सुपात जी तंबाखू असे, तिच्यातील निकोटिनही मुळांतच तयार होते. एखाद्या अळीने तंबाखूचे पान कुरतडले, की त्या जखमेतून एक रासायनिक निरोप मुळांपर्यंत जातो आणि मुळे अधिक निकोटिन तयार करून वर धाडतात. हा निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांच्या घराण्यातील एकाचा शोध प्रथम चमेलीच्या सुगंधी तेलात, १९६२ साली लागला. ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, काठी उगारता येत नाही, त्या झाडाने आपल्या रक्षणासाठी केलेली ही तजवीज आहे. आपलेच विष आपल्याला बाधू नये, म्हणून ते पेशीतील रिक्तिकेत, एखाद्या बंद कोठारासारखे, साठवून ठेवण्याची काळजीही झाड घेते.

हे सारे ऐकताना मला माझ्या आजीची आठवण होई. आमच्या परसात अडुळसा होता आणि डाळिंबाचे एक झाड होते. खोकला झाला, की आजी अडुळशाच्या पानांचा रस मधातून चाटवीत असे. पोटात जंत झाल्यास डाळिंबाच्या मुळाची साल उकळून तिचा काढा देई. पण तो देताना ती फार सावध असे. मापासाठी तिने एक जुनी वाटी राखून ठेवली होती आणि त्या वाटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. आजीला मी अडाणी समजत होतो. आता मला समजले, की अडुळशात व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते आणि त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध पुढे बनविण्यात आले. डाळिंबाच्या सालीत पट्टकृमींना निष्प्रभ करणारे द्रव्य असते. ते १८७८ साली फ्रान्समधील टॅनरे यांनी वेगळे काढले आणि १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळविणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी पेलेत्ये यांच्या सन्मानार्थ त्याला 'पेलेटिएरीन' हे नाव दिले. ज्या डाळिंबासाठी आपल्या जिल्ह्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या गोड दाण्यांची कीर्ती सर्वत्र आहे. कडू सालीची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

तथापि आजीच्या वाटीला एक मर्यादा होती. एका झाडाच्या सालीत द्रव्य अधिक, दुसऱ्याच्या सालीत कमी. पावसाळ्यात निराळे, उन्हाळ्यात निराळे. वाटी तीच, पण तिच्यातले विष कधी थोडे, कधी जास्त. द्रव्य शुद्ध करून, मोजून, रुग्णांवर त्याचा परिणाम नोंदवून मगच ते देणे हे शास्त्राचे काम. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या बाबतीत नेमके हेच केले. आपल्याकडील वैद्यांना ही वनस्पती शतकानुशतके परिचित होती. डॉ. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचे परिणाम काटेकोरपणे तपासले आणि १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात ते प्रसिद्ध केले, तेव्हा सर्व जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेझर्पीन हे अल्कलॉइड वेगळे काढले. आजीची सावधगिरी आणि डॉक्टरांची तपासणी या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला हसू नये आणि तिच्यावरच थांबूही नये.

एवढे शिकूनही धोत्र्यावरचा माझा राग गेला नव्हता. तो गेला बारा वर्षांनंतर, एका भलत्याच प्रसंगी.

माझा धाकटा भाऊ सांगोल्याकडे डाळिंबाची बाग करतो. एके दिवशी दुपारी, नाकातोंडाला काही न बांधता, वाऱ्याकडे तोंड करून तो बागेत कीटकनाशक फवारीत होता. औषध पाण्यात कालविताना त्याने हातच वापरला होता. संध्याकाळी त्याला घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, उलट्या होऊ लागल्या आणि श्वासाबरोबर छातीत घरघर सुरू झाली. त्याला सोलापुरास आणले, तेव्हा तो बोलूही शकत नव्हता. डॉक्टरांनी त्याची पापणी उचलली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

ती पाहताच मला बारा वर्षांपूर्वीचा तो दुसरा डोळा आठवला. तेथे बाहुली विस्फारलेली, येथे आक्रसलेली. तेथे ओठ कोरडे, येथे लाळेची धार. एकाच आरशाच्या जणू या दोन बाजू होत्या.

डॉक्टरांनी परिचारिकेला एक औषध टोचावयास सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. छातीतील घरघर कमी होईपर्यंत ते थांबले नाहीत. मध्यरात्री भावाचा श्वास मोकळा झाला. मी बाहेर येऊन त्यांना विचारले, "डॉक्टर, हे औषध कोणते?"

"ॲट्रोपिन," ते म्हणाले. "तुम्ही शिक्षक आहात ना? मग धोत्रा पाहिला असेल. त्यात हायोसायमीन असते. ते वेगळे काढताना त्याचे ॲट्रोपिन होते. बेलाडोनासारख्या त्याच्या भाऊबंदांतूनही ते मिळते."

मी भिंतीचा आधार घेतला. डॉक्टर पुढे समजावून सांगत होते. आपल्या शरीरातील मज्जातंतू ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याच्या द्वारे इंद्रियांना निरोप देतात. निरोप पोहोचला, की एक विकर ते द्रव्य तत्काळ मोडून टाकते. हे कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. मग निरोपांचा पूर लोटतो. घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, फुप्फुसात पाणी साचून श्वास कोंडतो. ॲट्रोपिन हे अशा किल्लीसारखे आहे, की जी कुलपात शिरते, पण कुलूप उघडत नाही. आणि ती आत असेपर्यंत दुसऱ्या किल्लीलाही शिरता येत नाही. निरोगी मुलाच्या पोटात धोत्रा गेला, तेव्हा त्याने आवश्यक निरोपही अडविले. माझ्या भावाच्या शरीरात त्याच द्रव्याने प्राणघातक पूर अडविला. द्रव्य तेच, किल्ली तीच. अंतर होते ते केवळ मात्रेचे, प्रसंगाचे आणि देणाऱ्याच्या ज्ञानाचे.

जे झाड मी शत्रू म्हणून मुळासकट उपटले होते, त्याच्या सत्त्वाने माझा पाठचा भाऊ मला परत दिला होता.

पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मी त्याच गडग्याजवळ औषधी वनस्पतींचा एक वाफा करविला. अडुळसा, सदाफुली, सर्पगंधा, गुळवेल आणि डाळिंब यांची रोपे मुलांनीच लावली. एका कोपऱ्यात, तारेच्या जाळीआड, धोत्र्याला मानाने जागा दिली. त्याच्या पाटीवर मुलांनी दोन ओळी लिहिल्या : 'विषारी आहे, हात लावू नये. याच्या सत्त्वाने प्राणही वाचतात.' सदाफुलीच्या पाटीवर, रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन तिच्या पानांतून मिळते, असे लिहिले होते. ते वाचून एका मुलीने आपल्या घरच्या कुंडीतील सदाफुलीला नमस्कार केल्याचे मला सांगितले. पाने खाऊ नयेत, हेही मी तिला बजावले. औषधी झाडाची पूजा करणे सोपे असते. त्याचे माप जाणणे कठीण असते.

या वाफ्याशी उभा राहून मी दर वर्षी नव्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगत असे. डॉ. मनसुख वाणी या, नंदुरबारात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत डॉ. वॉल यांच्यासह १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्टोथेसिन हे अल्कलॉइड शोधून काढले. त्यापासून पुढे कर्करोगावरील औषधे तयार झाली. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या नावाच्या दुर्गंधी फुलांच्या झाडातही आढळले. पूर्वी ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे, त्या नरक्याला भाव आला आणि रानेच्या राने त्यासाठी तोडली गेली. मी धोत्रा उपटला तो भीतीने. नरक्या तोडला गेला तो लोभाने. दोन्ही वेळी झाडाला आपण खरे ओळखले नव्हते.

निवृत्त झाल्यानंतर एका संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत, एका तरुण गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. खांद्यावर त्याची लहान मुलगी होती. त्याने ओळख दिली आणि हसत म्हणाला, "गुरुजी, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की!"

मी त्याच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणालो, "बाळा, ते विष झाडाने देवासाठी केले नाही आणि तुझ्या-माझ्यासाठीही केले नाही. त्याने ते स्वतःच्या रक्षणासाठी केले. देवाला आपण ते वाहतो, आणि वाहून हात जोडून दूर उभे राहतो. तेवढे अंतर राखून मग नीट पाहावे, शिकावे, मोजावे. म्हणजे त्याच विषातून कोणाचा तरी प्राण वाचतो. उत्तर द्यायला मला उशीर झाला खरा. मलाच ते फार उशिरा कळले."

तो काही बोलला नाही. त्याने आपल्या मुलीला खांद्यावर नीट सावरून घेतले आणि गर्दीतून पुढे जाताना तो तिला काहीतरी समजावून सांगू लागला. नगाऱ्याच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही. पण तो तिला कुंपणावरच्या एका झाडाचीच गोष्ट सांगत असावा, असे मला वाटले.